कोंबडी घराची, मानमोडी गावाची

फाल्गुनात आमचं खुराडं चार दिवसांत रिकामं झालं. तेवीस पक्षी होते. नऊ कोंबड्या, दोन कोंबडे, बाकी तलंगा आणि पिल्लं. पहिल्या सकाळी दार काढलं तेव्हा दोघी आतच बसून राहिल्या, पंख सांडलेले, डोळे मिटलेले, खाली हिरवट विष्ठा. संध्याकाळी त्यातल्या एकीची मान पाठीकडे वळली आणि ती जागच्या जागी गरगर फिरायला लागली. दुसऱ्या दिवशी पाच गेल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही तेच केलं जे गावातलं प्रत्येक घर करतं. धडधाकट दिसणाऱ्या तीन कोंबड्या आत्याकडे धाडल्या, दोन कापल्या आणि मेलेल्या पाटीत भरून ओढ्याला टाकून आलो. आठवड्याने आत्याचा निरोप आला. तिच्या वाडीतही सुरू झालं होतं.

त्या तीन कोंबड्यांची मला आजही लाज वाटते. आत्याच्या दोन नातींच्या वह्या-पुस्तकांचा खर्च तिच्या अंड्यांवर चालायचा. आपली कोंबडी वाचवायला गेलो आणि तिचं खुराडं बसवलं. त्यानंतर पशुवैद्यकीय दवाखान्यात, पंचायत समितीत आणि अंडी उबवणी केंद्रात जाऊन जे विचारलं, जे वाचलं, आणि पुन्हा कोंबड्या पाळताना जे कळलं, ते इथे मुद्द्यांत मांडते आहे. येत्या ग्रामसभेत हेच मुद्दे मी वाचणार आहे. कोंबडी ज्याच्या त्याच्या घरची असली तरी तिचा आजार गावाचा असतो. म्हणून तिची लस ही नळाच्या पाण्यासारखी आणि दिवाबत्तीसारखी ग्रामपंचायतीने बघायची गोष्ट आहे, एवढंच माझं म्हणणं आहे.

मुद्दा 1. हा रोग नशिबाचा नाही

आपण त्याला मानमोडी म्हणतो, कारण पक्ष्याची मान मोडल्यासारखी वळते. पुस्तकात त्याचं नाव राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून ते पडलं. 1920च्या दशकाच्या अखेरीस भारतात हा रोग तिथे ओळखला गेला. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास तो न्यूकॅसलजवळ सापडला म्हणून जगभर त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. विषाणूचा रोग आहे, म्हणजे एकदा लागल्यावर त्याला औषध नाही. लस मात्र आहे, आणि ती काल-परवाची नाही. आपल्या आजोबांच्या काळापासून ती आहे. आपल्याच राज्यात पुण्याला औंध इथल्या सरकारी संस्थेत ती तयार होते.

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी कोंबड्या मरणार, हे आपण आंब्याला मोहोर येण्याइतकं ठरलेलं धरून चाललो आहोत. ‘वारं आलं’ म्हणतो आणि गप्प बसतो. ज्या रोगावर इतक्या वर्षांची लस आहे, त्याने दर चार-दोन वर्षांनी वाडीच्या वाडी रिकामी व्हावी, यात वाऱ्याचा दोष नाही.

मुद्दा 2. कुपीचं गणित

मग लोक लस देत का नाहीत? मी दवाखान्यात गेले तेव्हा मला वाटत होतं की आळस, अज्ञान किंवा पैसा, यांतलं काहीतरी कारण असेल. खरं कारण कुपीत आहे.

राणीखेतची लस छोट्या काचेच्या कुपीत सुक्या वडीच्या रूपात येते. एका कुपीत निदान शंभर मात्रा, आणि त्याहून मोठ्या कुप्या पाचशे-हजार मात्रांच्या. ती 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते. कुपी फोडून सोबतच्या पाण्यात कालवली की पुढच्या दोनेक तासांत संपवायची. उरलेली उद्या चालत नाही, कारण आतला जिवंत विषाणू मरून जातो आणि मग आपण पक्ष्याच्या डोळ्यात नुसतं पाणी घालत असतो.

ही कुपी पोल्ट्रीवाल्यासाठी बनलेली आहे. त्याच्याकडे पाच हजार पक्षी एका छताखाली, एका वयाचे, एका रात्रीत हाताशी येणारे. आपल्याकडे काय? एका घरी सात कोंबड्या, शेजारी चार, पलीकडे अकरा. सात कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची कुपी आणायची, ती बर्फाच्या थर्मासमध्ये तालुक्याहून एसटीने आणायची आणि त्र्याण्णव मात्रा ओतून द्यायच्या, हे कोणती बाई करील? केलंच, तरी शेजारच्या खुराड्यात रोग येणारच, आणि तिच्या कोंबड्या दिवसभर त्याच उकिरड्यावर चरणार.

आता हेच गणित गावाच्या बाजूने मांडा. समजा ऐंशी घरांत कोंबड्या आहेत, घरटी सरासरी आठ. झाले 640 पक्षी. शंभर मात्रांच्या सात कुप्या. मात्रा फारशा वाया जात नाहीत, एकाच थर्मासमध्ये सगळं मावतं, आणि एका पहाटे काम उरकतं. टोचणाऱ्याला पक्ष्यामागे दोन रुपये दिले तरी एका फेरीला 1280 रुपये होतात. वर्षात तीन फेऱ्या धरल्या तर 3840. त्या फाल्गुनात माझ्या एका घराचं याहून जास्त नुकसान झालं होतं.

एकट्या घराला जे परवडत नाही आणि गावाला सहज परवडतं, त्यासाठीच तर ग्रामपंचायत असते.

मुद्दा 3. फेरी पहाटेच काढावी लागेल

सरकारी कर्मचारी सकाळी अकराला गावात येतो. त्या वेळी कोंबडी कुठे असते? कुंपणाच्या पलीकडे, कडब्याच्या गंजीखाली, बांधावर. दिवसा गावरान कोंबडी पकडणं म्हणजे तिची आणि आपली दोघांची दमछाक. दमलेल्या, घाबरलेल्या पक्ष्याला लस देऊही नये. कोंबडीला अंधारात दिसत नाही. ती पहाटे खुराड्यात गपचूप बसलेली असते, हात घातला की हाती येते. म्हणून ही फेरी पहाटे पाच ते सात या वेळातच व्हायला हवी, आणि म्हणून ती गावातल्याच माणसाने करायला हवी.

माणूस आपल्याकडे आहे. ‘उमेद’ अभियानात बचत गटांतल्या बायकांमधून पशुसखी तयार केल्या जातात. शेळ्यांना जंताचं औषध, कोंबड्यांना लस, एवढं त्या प्रशिक्षणानंतर करतात. गावोगावी अशी एखादी बाई आहे. तिच्याकडे कौशल्य आहे, पण बर्फ नाही, कुपी नाही आणि ठरलेला दिवस नाही. या तीन गोष्टी पंचायतीने पुरवायच्या. आरोग्य उपकेंद्रात बाळांच्या लशीसाठी ज्या शिस्तीने डबा येतो, त्याच शिस्तीने पशुवैद्यकीय दवाखान्यातून कोंबड्यांच्या लशीचा डबा आदल्या संध्याकाळी यावा.

काय द्यायचं तेही सांगते, म्हणजे ‘हे फार किचकट आहे’ असं कोणी म्हणणार नाही. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तीच पुन्हा. आठ आठवडे पूर्ण झाले की पंखाखाली आर-टू-बी लशीचं इंजेक्शन. ही लस लहान पिल्लांना चुकूनही द्यायची नाही, ती त्यांना सोसत नाही. आर-टू-बीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध पाजलेलं असावं, कारण जंतांनी पोखरलेल्या पक्ष्यात लस नीट रुजत नाही. फेऱ्यांचे दिवस सरकारी तारखांवर बांधण्यापेक्षा आपल्या सणांवर बांधावेत म्हणजे विसरत नाहीत. एक होळीच्या महिनाभर आधी, एक मृगाच्या आधी, एक दिवाळीच्या आधी. लशीला अंगात ताकद धरायला दोन आठवडे लागतात, म्हणून रोग शेजारच्या गावात आल्यावर धावाधाव करून उपयोग फार थोडा होतो.

एक गोष्ट ठळक सांगायला हवी. काही जण लासोटा लस पिण्याच्या पाण्यात कालवून देतात. आपल्या नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत जंतू मारायला टीसीएल पावडर टाकते. माणसासाठी ते योग्यच आहे, पण त्या पाण्यात लशीतला विषाणू मरतो आणि मग ‘लस दिली तरी मेल्या’ अशी लशीची बदनामी होते. आमच्या आळीत एका घरी हेच झालं होतं. पाण्यातूनच द्यायची वेळ आली तर विहिरीचं, काही न टाकलेलं पाणी घ्यावं. आपल्यासाठी थेंबाची पद्धतच बरी.

परदेशातली एक गोष्ट इथे उपयोगाची आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात खास खेड्यातल्या कोंबड्यांसाठी आय-टू नावाची लस तयार झाली. ती उष्णता जास्त सोसते. मोझांबिक आणि टांझानियात गावातलीच माणसं, त्यांत बायका पुष्कळ, घरोघरी जाऊन डोळ्यात थेंब टाकतात आणि पक्ष्यामागे थोडे पैसे घेतात. तिथल्या उन्हात, तिथल्या रस्त्यांवर हे चालतं. आपल्याकडे तर तालुक्याला शीतकपाट आहे आणि गावापर्यंत डांबरी सडक आहे.

मुद्दा 4. आधी लस, मग पिल्लं

2019च्या विसाव्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या 31 कोटी 70 लाखांच्या घरात निघाल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास 46 टक्के जास्त. पोल्ट्री फार्ममधले पक्षी त्याच काळात साडेचार टक्क्यांनी वाढले. म्हणजे परसातली कोंबडी मागे पडलेली, मरणपंथाला लागलेली गोष्ट नाही. ती वाढते आहे, आणि सरकारही ती वाढवू पाहतं. आपल्या राज्यात एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत शंभर एकदिवसीय पिल्लं किंवा पंचवीस तलंगा आणि तीन नर असा गट अनुदानावर मिळतो. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींची पिल्लं गावागावात आली आहेत.

मी या योजनांच्या विरोधात नाही. वनराज गावरान कोंबडीपेक्षा खूप जास्त अंडी देते हे मी स्वतः पाहिलं आहे. पण शंभर पिल्लं एका घरात येतात तेव्हा त्या घरी ऊब द्यायला दिवा लागतो, पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास. दोन महिने विकतचं खाद्य लागतं आणि वेळेवर लशी लागतात. ज्या वाडीत वीज संध्याकाळी जाते तिथे पिल्लं एका कोपऱ्यात ढीग करून एकमेकांखाली गुदमरतात. जगली वाचली ती मोठी होऊन बाहेर पडली की गावातला रोग वाट पाहतच असतो. शिवाय या जाती सहसा खुडूक होत नाहीत, अंड्यांवर बसत नाहीत. मेल्या की संपल्या, पुन्हा पिल्लं विकत. आपली गावरान कोंबडी दहा-बारा अंडी घालून खुडूक होते म्हणून तिला नावं ठेवतात. ती खुडूक होते म्हणूनच आपल्या आज्यांनी एका कोंबडीवरून अख्खं खुराडं उभं केलं.

माझी मागणी एवढीच, की ज्या गावात वर्षभर लसीकरणाच्या फेऱ्या झालेल्या आहेत त्या गावाला पिल्लांच्या वाटपात आधी घ्यावं. पिल्लांचा आकडा अहवालात छान दिसतो, पण सहा महिन्यांनी त्यातली किती जिवंत आहेत हा रकाना त्या अहवालात असायला हवा.

मुद्दा 5. लपवाछपवी थांबवायची तर शरम काढून टाकावी लागेल

रोग आला की आपण तीन गोष्टी करतो. विकतो, वाटतो आणि फेकतो. या तिन्हींनी तो पसरतो. आठवडी बाजारात एकेका डालग्यात पाच गावांच्या कोंबड्या कोंबलेल्या असतात. आखाडात, जत्रेत, म्हसोबाच्या नैवेद्याला, जावई आले म्हणून, किती पक्षी या गावातून त्या गावात जातात याचा हिशेब करून पाहा. रोगाला याहून चांगला रस्ता नाही.

म्हणून ग्रामसभेने तीन नेम ठरवावेत. पहिला, बाजारातून किंवा पाहुण्याकडून आलेली कोंबडी चौदा दिवस वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर. दुसरा, एका दिवसात दोनपेक्षा जास्त पक्षी मेले तर त्याच दिवशी पशुसखीला किंवा दवाखान्याला कळवायचं, 1962 या क्रमांकावर फोन करायचा, आणि त्या आळीतून पक्षी बाहेर जाऊ द्यायचा नाही. तिसरा, मेलेला पक्षी तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा. ओढ्यात टाकलेला पक्षी कुत्रं उचलून दुसऱ्या आळीत नेतं आणि ओढा खालच्या गावाला जातो. त्यासाठी गावठाणाबाहेर एक जागा आणि दोन पोती चुना पंचायतीने ठेवावा. ज्या बाईच्या कोंबड्या मेल्या आहेत तिने भर दुपारी एकटीने कातळात खड्डा खणावा ही अपेक्षा धरूच नये.

आणि कळवणाऱ्याला बोल लावायचा नाही. ‘तिच्यामुळे गावात आला’ हे वाक्य आपण बंद केलं तर अर्धी लपवाछपवी संपेल.

मुद्दा 6. नवापूर विसरू नका

देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्या राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. 18 फेब्रुवारी 2006 रोजी तो जाहीर झाला. त्याआधी तिथे काही दिवस पक्षी मरत होते आणि ती मानमोडीच समजली गेली होती. हे समजण्यासारखंही होतं, कारण दोन्ही रोगांत पक्षी झपाट्याने मरतात, दोन्हींत श्वास लागतो आणि मान वळते. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही, त्यासाठी भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुना जावा लागतो. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात तो परसातल्या कोंबड्यांत निघाला. राज्यभर लोकांनी चिकन-अंडी खाणं सोडलं आणि ज्यांच्याकडे रोगाचा मागमूस नव्हता तेही पोल्ट्रीवाले बुडाले. जानेवारी 2021मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि तेच निदान आलं. जानेवारी 2025मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये पुन्हा.

मानमोडीच्या लशीचा याच्याशी संबंध आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या गावात दरवर्षी मानमोडीने पक्षी मरतात, त्या गावात बर्ड फ्लू येऊन आठवडाभर राहिला तरी कोणाला संशय येणार नाही. ‘दरवर्षीचंच आहे’ म्हणून सोडून देतील. जिथे सगळ्या पक्ष्यांना मानमोडीची लस दिलेली आहे, तिथे एका दिवसात दहा पक्षी मेले की लगेच कळतं, हे काहीतरी वेगळं आहे, फोन करा. बर्ड फ्लू क्वचित का होईना माणसाला होतो. मेलेला पक्षी सोलणाऱ्या, खुराडं झाडणाऱ्या बाईला आणि पिल्लांशी खेळणाऱ्या पोराला धोका पहिला. म्हणजे सात कुप्यांची ती फेरी माणसांच्या रोगासाठीही पहारा ठरते.

कळवणं ही 2009च्या केंद्रीय कायद्याने पाळणाऱ्यावर टाकलेली जबाबदारी आहे. प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांच्या त्या कायद्याच्या यादीत मानमोडीही आहे आणि बर्ड फ्लूही. पाळणाऱ्याने गावातल्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला सांगायचं आणि त्यांनी पशुवैद्यकाला. रोगाने मेलेला पक्षी नदी-ओढ्यात टाकणं हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. आमच्या घराने तो केला होता, तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

पण कायदा धाक घालतो आणि भरपाई हात आखडते, असं झालं तर लोक लपवणारच. उद्रेक ठरला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी नष्ट करतात. नष्ट केलेल्या पक्ष्याचे पैसे मिळतात, आधीच मेलेल्याचे मिळत नाहीत. 2021 साली राज्याने जाहीर केलेले दर असे होते: आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला 90 रुपये, त्याहून लहानाला 20 रुपये, अंड्याला 3 रुपये. आमच्या बाजारात अंड्यावर आलेली गावरान कोंबडी चार-पाचशेच्या खाली मिळत नाही. ज्या बाईकडून ती नव्वद रुपयांत न्यायची, तिने स्वतःहून फोन करावा अशी अपेक्षा करायची का? गावरान पक्ष्याचा दर बाजारभावाशी जोडावा आणि पहिल्यांदा कळवणाऱ्या घराला मेलेल्या पक्ष्यांचेही पैसे मिळावेत, असा ठराव ग्रामसभेने करून जिल्हा परिषदेला पाठवावा. एका गावाच्या ठरावाने दर बदलणार नाहीत हे मला समजतं. पण ठराव नोंदीत राहतो, आणि शंभर गावांचे ठराव एका टेबलावर आले तर त्यांचं वजन पडतं.

मुद्दा 7. जे घरच्या घरी आवरता येतं

सगळंच पंचायतीवर टाकायचं नाही. रक्ती हगवण ही ओल्या खुराड्याची देणगी आहे. पावसाळ्यात तूस किंवा भुसा आठवड्याला हलवून कोरडा ठेवला आणि पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं, म्हणजे त्यात विष्ठा पडत नाही, की हगवण बरीच कमी होते. उवा-पिसवांना राखेत थोडा चुना मिसळून एक खळगा करून द्या, कोंबडी स्वतःच अंग घोळते. गोचीड दिवसा दिसत नाही. ती खुराड्याच्या फटीत बसते आणि रात्री रक्त पिते. कोंबड्या रात्री आत जायला नाखूश दिसल्या, तुरा पांढुरका पडला, की फटींत चुना भरून घ्या. अंड्याचं कवच मऊ येत असेल तर चुनखडी किंवा शिंपल्याचा चुरा ठेवा, म्हणजे अंडी फोडून खायची सवयही लागत नाही. कोंबडीला घाम येत नाही, उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते. सावलीत मातीच्या परळात पाणी आणि खुराड्यावर ओलं पोतं, एवढ्याने मे महिना निघतो.

यातला एक आजार मात्र पुन्हा गावाकडे येतो. देवी. तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या येतात, डोळे बंद होऊन पिल्लं उपाशी मरतात. ती डासांनी पसरते. त्याचीही लस आहे, पण आमच्या आळीत तुंबलेलं गटार आहे तोवर देवी संपणार नाही, आणि त्याच गटाराने पोरांना तापही येतो.

मुद्दा 8. दुकानातली पूड

कोंबडी मलूल झाली की कृषी सेवा केंद्रातून पिवळी पूड आणायची आणि पाण्यात टाकायची, ही सवय घरोघर आहे. ती बहुधा प्रतिजैविकाची असते. मानमोडीवर तिचा उपयोग शून्य, कारण रोग विषाणूचा. पण तिचा अंश अंड्यात उतरतो आणि ते अंडं आपण बाळंतिणीला देतो. जंतू औषधाला सरावतात ही भीती इतकी खरी आहे की कोलिस्टिन हे औषध खाद्यप्राण्यांत वापरायला केंद्र सरकारने जुलै 2019मध्ये बंदी घातली, कारण ते माणसाच्या शेवटच्या उपायांपैकी आहे. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय कोंबडीला प्रतिजैविक नको. आणि ज्या गावात पशुवैद्यक महिन्यातून एकदाही फिरकत नाही, तिथे हा नियम नुसता सांगून भागणार नाही. दवाखान्याच्या फिरतीचा वार पंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला असावा.

मुद्दा 9. घरकुलात खुराडं कुठे?

घरकुल योजनेतलं घर 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट. नकाशात खोली, ओटा, शौचालय आहे. कोंबड्यांची जागा नाही. मुंगूस, रानमांजर, आमच्या बाजूला बिबट्याही, म्हणून रात्री कोंबड्या चुलीशेजारी डालग्याखाली झाकतात. त्याच खोलीत लेकरं झोपतात. रोजगार हमीतून कोंबड्यांचं शेड मिळतं, पण ते शंभर पक्ष्यांच्या मापाचं. दहा कोंबड्यांच्या बाईने काय करायचं? भिंतीला टेकून, जमिनीपासून दोन फूट उंच, खाली जाळी, समोर कडी, वर पत्रा, असं चार बाय तीनचं खुराडं फार खर्चाचं नाही. घरकुलाच्या आराखड्यात ओट्यालगत तेवढी जागा आणि एक खुंटी असावी, ही मागणीही ग्रामपंचायत विकास आराखड्यात लिहून घ्यावी.

मुद्दा 10. शेजाऱ्याची कोथिंबीर

कोंबड्या शेजारच्या वाफ्यात शिरतात आणि त्यावरून भांडणं होतात. तक्रार खरी आहे. पेरणीनंतरचे तीन आठवडे आपापल्या कोंबड्या दुपारपर्यंत कोंडाव्यात, एवढं समजुतीने ठरवता येतं. आमच्या आळीत ठरलं आहे आणि पाळलंही जातं.

मुद्दा 11. ‘आजवर चाललंय की’

ग्रामसभेत हे मांडलं की काय म्हणतील ते मला माहीत आहे. गावरान कोंबडी काटक असते, तिला लस कशाला? काटक आहे हे खरं, पण मानमोडीपुढे काटकपणा चालत नाही, माझ्या तेवीसही गावरानच होत्या. लस टोचली की अंडी बंद होतात, असं म्हणतील. इंजेक्शननंतर थोडे दिवस कमी होतात, पुन्हा सुरू होतात. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला थेंबाची लासोटा द्यावी आणि आर-टू-बी तलंग असतानाच उरकावी. रस्ते, पाणी सोडून पंचायतीने कोंबड्या बघायच्या का, असंही कोणी उठून म्हणेल. त्यांना मी विचारणार आहे, तुमच्या घरात कोंबडीचे पैसे कोणाच्या हातात असतात? दुधाचे पैसे डेअरीच्या खात्यातून बाप्याकडे जातात, सोयाबीनचे आडत्याकडून बाप्याकडे. अंड्याचे आणि कोंबडीचे पैसे तेवढे बाईच्या कनवटीला राहतात. त्यांतून वही येते, बसचं तिकीट येतं, रात्री-अपरात्री दवाखान्याची रिक्षा येते. ग्रामसभेत बायका कमी बोलतात, म्हणून त्यांचं हे नुकसान आजवर कोणत्याही इतिवृत्तात आलेलं नाही.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मला तीन गोष्टी लिहून हव्या आहेत. होळीच्या महिनाभर आधीच्या फेरीची तारीख, पशुसखीचं मानधन आणि पुरण्याच्या जागेचा गट नंबर. घरोघरच्या पक्ष्यांची वही मी आमच्या बचत गटाच्या बायकांबरोबर करायला घेतली आहे. वरच्या आळीची बेचाळीस घरं झाली, 311 पक्षी निघाले. खालची आळी आणि ठाकरवाडी राहिली आहे. आत्याने दिवाळीत दोन तलंगा घेतल्या, त्यांना मी स्वतः थर्मास घेऊन जाऊन लस दिली. तिच्या वाडीत अठ्ठावीस घरं आहेत आणि बाकीच्या सत्तावीस घरांत अजून कोणीच गेलेलं नाही.